बडोद्यात एकटीने मुक्काम : रविवारी कुठे जाऊ?

कृष्णाकाठची | ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार. मी मूळची वाईची. एप्रिलअखेर कंपनीने बडोद्याला बदली केली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीचं काम आहे. कामाबद्दल तक्रार नाही.

पहिले सतरा दिवस घर शोधण्यात गेले. 'एकटी मुलगी? नाही बेन, आम्ही फॅमिलीलाच देतो' हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे जिना चढतानाच कळायचं. एका दलालाने टोकन म्हणून घेतलेले दोन हजार परत दिले नाहीत, ते नाहीतच. शेवटी मांजलपूरला एक खोली मिळाली. छोटा ओटा, पूर्वेला खिडकी, खाली घरमालकीण बा. अटी दोन : अंडंही शिजवायचं नाही आणि रात्री दहानंतर गच्चीवर फोनवर बोलायचं नाही. मला दोन्ही चालतात.

अडचण रविवारची आहे. शनिवारपर्यंत दिवस कसे जातात कळत नाही. रविवार उजाडला की खोली खायला उठते. कपडे धुऊन होतात, आईचा फोन होतो, आणि साडेदहाच वाजलेले असतात. आई विचारते, 'कुठे गेली होतीस का गं?' मी काहीतरी सांगते. दीड महिन्यात मी शहर म्हणून स्टेशन, कंपनी आणि भाजीची गाडी एवढंच पाहिलंय.

ऑफिसातल्या बायकांना संसार आहेत, त्यांना दर रविवारी कुठे ओढू? म्हणून एकटीनेच फिरायचं ठरवतेय. पण हॉटेलात एकटीने बसून जेवण मागवायलासुद्धा मला अवघडल्यासारखं होतं. इथे बडोद्यात राहिलेले कोणी असतील तर सांगा, सुरुवात कुठून करू?

---

दांडियाबाजारच्या काकू | ९ जून, रात्री १०:२५

अगं, आधी त्या दोन हजारांवर पाणी सोड आणि शांत झोप.

मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले त्याला अडतीस वर्षं झाली. ह्यांची पाळी असायची, दिवसभर मी एकटी. सासूबाईंनी मला पहिल्या आठवड्यात पिशवी देऊन खंडेराव मार्केटला पिटाळलं होतं. तूही तिथूनच सुरू कर. रविवारी सकाळी सातला जा. समोरून बघशील तर राजवाड्यासारखी इमारत, १९०६ सालची, सयाजीराव महाराजांनी खंडेरावांच्या स्मरणार्थ बांधलेली. त्यात आता महापालिकेची कचेरी आहे. मागच्या अंगाला भाजी आणि फुलं. झेंडूचे ढीग, गुलाबाच्या पाकळ्या वजनावर. काही घ्यायचं नसलं तरी दहा रुपयांची फुलं घे. हातात पिशवी असली की बाई बाजाराचीच होऊन जाते, तिला कोणी बघत नाही.

तिथून न्यायमंदिराकडे चालत ये. १८९६ सालची इमारत आहे, वर्षानुवर्षं तिथे कोर्ट भरायचं. समोर सुरसागर तलाव, मध्ये शंकराची १११ फुटी मूर्ती. तलावाच्या कठड्याला टेकून दहा मिनिटं बस. मग लहरीपुरा दरवाज्यातून सरळ आत मांडवीपर्यंत. जुनं शहर चार दरवाज्यांचं : लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी, मध्ये मांडवी. हरवलीस तर फक्त 'मांडवी कई बाजू?' एवढं विचार. मांडवीजवळ विठ्ठलमंदिर आहे. विठोबा तिथे भेटला की तुला वाईचा घाट आठवेल, रडू आलं तरी येऊ दे.

आणि खायचं म्हणशील तर सेवउसळ. ती बसून खायचा पदार्थच नाही, उभ्याने खायचा. त्यामुळे तुझी अडचण आपोआप सुटली.

---

वाटाण्याची_आमटी | ९ जून, रात्री १०:४८

सेवउसळीला दहा वेळा अनुमोदन. मी अंकलेश्वरला आहे, पण तेवढ्यासाठी गाडी पकडून येतो.

---

पायपीट | १० जून, सकाळी ७:१५

मी कोल्हापूरचा, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये पाच वर्षं काढली. पहिलं वर्ष असंच एकट्याने गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, लक्ष्मीविलास राजवाडा सोमवारी बंद असतो, त्यामुळे रविवार तुम्हाला सोयीचा. १८९० साली पूर्ण झाला. मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्यानंतर चिझम यांनी काम तडीस नेलं. लोक बाहेरून फोटो काढतात आणि दरबार हॉलमधून पाच मिनिटांत निघतात. तसं करू नका. दुपारी उन्हाचा कोन बदलला की बेल्जियमच्या रंगीत काचांमधून जमिनीवर रंग उतरतात. जमीन व्हेनिसच्या कारागिरांनी बारीक तुकडे जुळवून केलेली आहे. उजेड एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकताना मी तास-तास पाहिला आहे. बरोबर कोणी असतं तर 'चल ना आता' म्हणालं असतं.

त्याच आवारात फत्तेसिंह संग्रहालय आहे. पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथे आहेत. आपण त्यांना कॅलेंडरवर आणि अगरबत्तीच्या पुड्यावर बघत वाढलो. मूळ चित्राजवळ उभं राहिल्यावर नऊवारीच्या जरीवरचा रंग किती जाड आणि किती पातळ लावलाय ते दिसतं. जवळ जा, मग पाच पावलं मागे या, पुन्हा जवळ जा.

दुसरं, सयाजीबाग. जुने लोक कमाटीबाग म्हणतात. दरवाज्यावर घोड्यावर बसलेल्या सयाजीरावांचा पुतळा आहे, पण रिक्षावाल्याला 'काळा घोडा' म्हणा, लगेच कळेल. आतलं बडोदा म्युझियम १८९४ पासूनचं. तिथे इजिप्तची ममी आहे आणि निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा. त्याच्या जबड्यापाशी उभं राहून शेपटीकडे बघा.

तिसरं, कीर्तिमंदिर. गायकवाडांच्या पूर्वजांचं स्मारक. आत नंदलाल बोस यांनी भिंतींवर रंगवलेली मोठी चित्रं आहेत : गंगावतरण, मीरेचं जीवन, महाभारताचं युद्ध. ही चित्रं कधीही, कोणालाही सहज बघायला मिळत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. दार उघडं दिसलं तर हातातलं काम टाकून आत शिरा.

एक वही जवळ ठेवा. चित्र काढता येत नसलं तरी चालेल, नुसतं लिहा.

---

मु_पो_सांगली | १० जून, सकाळी ९:०२

वरचे प्रतिसाद छान आहेत, पण एका मुलीच्या बापाच्या नात्याने लिहितो. गुजरात सुरक्षित वगैरे सगळं खरं, तरी नव्या शहरात एकटीने भटकणं मला पटत नाही. एखाद्या महाराष्ट्र मंडळात नाव घाला, चार ओळखी करा, मग त्यांच्याबरोबर जा. पावागढबिवागढ एकटीने तर नकोच.

---

दांडियाबाजारच्या काकू | १० जून, सकाळी ११:३०

भाऊ, काळजी रास्त आहे. ओळखी हव्यातच. पण ओळखी होईपर्यंत पोरीने खिडकीत बसून राहायचं का? आधी शहराशी ओळख होऊ दे, माणसं त्यातूनच भेटतात. मला सगळ्या मैत्रिणी भाजीवालीच्या रांगेत मिळाल्या. हां, नियम हवेतच. कृष्णाकाठची, घरमालकिणीला सांगून निघायचं, दिवेलागणीला परत, फोन पूर्ण भरलेला. विश्वामित्रीच्या काठाला खाली उतरायचं नाही, मगरी आहेत. पुलावरून खुशाल बघ, थंडीत ऊन खात पडलेल्या दिसतात.

---

मु_पो_सांगली | १० जून, दुपारी १२:१०

ताई, तुमचा मुद्दा समजला. माझं मत मात्र तेच आहे.

---

निळी_शाई | १० जून, रात्री ८:५०

पायपीट यांनी सयाजीबागेचं लिहिलं, पण त्या बागेतली एक जागा राहून गेली.

सप्टेंबर १९१७. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून आलेला सव्वीस वर्षांचा तरुण कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीला आला. राहायला जागा कुठेच मिळेना, कारण जात. शेवटी पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रामगृहात तो उतरला. वरच्या मजल्यावर तो एकटाच. वीज नव्हती, कारकुनाने दिलेला एक छोटा कंदील आणि अंधारात फिरणारी वटवाघळं. एकटेपण विसरण्यासाठी तो वाचत राहायचा, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. त्याला बाहेर काढलं. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही कारणं सांगितली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास बाबासाहेबांनी या कमाटीबागेत काढले.

तिथल्या वडाच्या परिसराला आज संकल्पभूमी म्हणतात. दरवर्षी २३ सप्टेंबरला लोक लांबून येतात.

धागाकर्तीच्या किंवा माझ्या घर शोधण्याच्या त्रासाशी याची बरोबरी होऊच शकत नाही, ते मला स्पष्ट सांगायचंय. आपल्याला नकार मिळाला तरी पुढच्या गल्लीत विचारता येतं. पण बडोद्याला आलेल्या मराठी माणसाने राजवाडा बघून परत जावं आणि ही जागा बघू नये, असं होऊ नये. एकटीने जा. तिथे थोडा वेळ कोणाशीही न बोलता बसावंसं वाटतं.

---

पायपीट | १० जून, रात्री ९:२०

निळी शाई, मी पाच वर्षं त्या बागेत चित्रं काढायला जायचो आणि मला हे तिसऱ्या वर्षी कळलं. लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

---

कृष्णाकाठची | १४ जुलै, रात्री ९:१०

धागा वर काढतेय. पाच रविवार झाले. सगळ्यांचे आभार एकेकाचं नाव घेऊन मानायला हवेत, पण आधी सांगायचं खूप आहे.

पहिला रविवार खंडेराव मार्केट. काकू, पिशवीचं तुमचं खरं होतं. एका म्हाताऱ्या फूलवाल्या आजींनी मला विचारलं, 'मराठी छे?' मी हो म्हटल्यावर त्यांनी मापात एक जास्तीची मूठ टाकली आणि 'आमच्या शेजारी पण मराठी आहेत' असं अर्ध्या मराठीत म्हणाल्या. घरी येऊन बांना अर्धी फुलं दिली. तेव्हापासून बा मला रोज संध्याकाळी 'आवी गई?' विचारतात. त्याआधी महिनाभर आम्ही भाड्यापलीकडे बोललो नव्हतो.

सेवउसळ खाल्ली. मला वाटलं होतं आपल्या मिसळीची बहीण असेल. नाही. सुक्या वाटाण्याची पातळसर उसळ, वरून सेव, पातीचा कांदा, बाजूला पाव, आणि तरीचं वेगळं भांडं. दुकानदाराने विचारलं, 'तरी?' मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, शेजारच्या काकांनी न बोलता ताकाचा पेला सरकवला. 'उसळ' आणि 'तरी' हे दोन शब्द परक्या गावात परक्याच्या तोंडून ऐकले की किती बरं वाटतं, ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

दुसऱ्या रविवारी बस चुकले. मला गुजराती वाचता येईना. पाटीवरचा ५ मी 'प' समजले आणि २ ला 'र'. दोन बस डोळ्यांसमोरून गेल्या, तिसरीत चुकीचीच बसले. कंडक्टर चिडला नाही, पुढच्या थांब्यावर उतरवून समोरून कोणती घ्यायची ते बोट दाखवून सांगितलं. त्या रात्री बसून लिपी शिकले. शिरोरेघ मनाने ओढायची, एवढ्यावर निम्मी अक्षरं ओळखू येतात. अ, क, ख, च, ज, झ, फ, भ अशी थोडी वेगळी आहेत, ती वहीत गिरवली. नव्याने येणाऱ्या मराठी माणसाने आठ दिवस रोज दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचाव्यात. मी आता 'दूध', 'दवा' आणि 'भाडे आपवानुं छे' न अडखळता वाचते. बस मात्र अजून विचारूनच चढते.

तिसऱ्या रविवारी धो धो पाऊस, कुठेच गेले नाही. झोपले.

चौथा रविवार सयाजीबाग. म्युझियममध्ये देवमाशापाशी गेले. एक बाप आपल्या छोट्या मुलीला खांद्यावर घेऊन फासळ्या मोजायला लावत होता. मीही मनात मोजू लागले आणि माझा आकडा त्यांच्याशी जुळेना, म्हणून पुन्हा मोजल्या. मग संकल्पभूमी. पाऊस नुकताच थांबला होता, पानांवरून थेंब पडत होते. तिथे एक विशीतला मुलगा आणि त्याची आई होती. आईने चपला काढल्या, हात जोडले, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मुलगा मला म्हणाला, ते नांदेडहून आलेत, त्याला इथे इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालाय, आईने सांगितलं खोली बघायच्या आधी इथे जायचं. निळी शाई, तुमचा प्रतिसाद मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. आई नुसती ऐकत होती.

त्या दिवशी मी वहीत पहिल्यांदा पूर्ण पान लिहिलं.

आज पाचवा. दांडिया बाजारात अरविंद घोष राहिले ते घर बघितलं. १८९३ पासून जवळपास तेरा वर्षं ते बडोद्यात होते. इंग्लंडमध्ये वाढलेल्या त्या माणसाने इथेच आपल्या भाषा शिकायला घेतल्या. मराठीसुद्धा. आत इतकी शांतता की बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न लांबून आल्यासारखे वाटतात. तिथून तांबेकर वाड्याला गेले तर कुलूप. भिंतींवरची चित्रं बघायला पुन्हा जाईन.

---

वाटाण्याची_आमटी | १४ जुलै, रात्री ९:३५

तरी कमी घेत चला!

लीलो चेवडो खाल्लात का? बटाट्याचा, हिरव्या मिरचीचा, ओलसर असतो. आपल्या चिवड्यासारखा महिनाभर डब्यात टिकत नाही, म्हणून वाईला न्यायचा असेल तर निघायच्या दिवशीच घ्या.

---

पानगळ | १५ जुलै, सकाळी ८:००

पुस्तकांची आवड असेल तर मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय सोडू नका. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर वाचनालयांची व्यवस्था लावली, त्याचं हे मूळ. पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, उजेड वरून खालपर्यंत झिरपावा म्हणून. लोखंडी मांडण्या, त्यात जुनी मराठी पुस्तकं. मराठी मंडळींचं बडोद्याशी नातं जुनंच, २०१८ चं एक्क्याण्णवावं साहित्य संमेलनही इथेच झालं. ग्रंथालयात मात्र कामाच्या दिवशी जा, आणि आत जायला कोणाची परवानगी लागते ते दारात विचारा.

---

मु_पो_सांगली | १५ जुलै, सकाळी ९:४०

वाचून बरं वाटलं. दिवेलागणीच्या आत परत येताय ना, एवढंच विचारतो.

---

कृष्णाकाठची | १५ जुलै, रात्री ८:३०

हो काका, येते. बा दारातच असतात.

---

कृष्णाकाठची | २० ऑक्टोबर, रात्री १०:०५

बरेच दिवसांनी. ग्रंथालयासाठी अर्धी रजा टाकली. काचेच्या जमिनीवर पहिलं पाऊल टाकताना मी खरोखर घाबरले. खालच्या मजल्यावरून कोणी चाललं की पायाखालून एक सावली सरकते. मांडणीतल्या एका मराठी पुस्तकात शाईने लिहिलेलं नाव होतं, कोण्या बाईंचं, खाली 'बडोदें' असं अनुस्वारासकट. पान उलटायच्या आधी मी ते नाव दोनदा वाचलं.

पावागढलाही जाऊन आले. काका, रागावू नका. सकाळच्या एसटीने गेले, उजेडी परतले, बांना दर तासाला फोन. देवीला रोपवेने गेले, पण मन रमलं ते खाली चांपानेरात. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये जिंकून राजधानी केलेलं शहर; २००४ पासून जागतिक वारशात आहे. जामी मशिदीच्या खांबांमधून मी दीड तास फिरले. वर कोरलेली छतं बघायला मान दुखेपर्यंत वर बघत होते, शेवटी फरशीवर बसून भिंतीला टेकले. पहारेकरी म्हणाला, 'निवांत बघा.'

नवरात्रात ऑफिसातल्या तिघी स्वतःहून घ्यायला आल्या. चनियाचोळी एकीने दिली. पहिले दोन दिवस माझी पावलं चुकत होती, तिसऱ्या दिवशी गोलात ओढल्यासारखी गेले. एवढी रात्र झाली तरी रस्त्यावर बायकाच बायका, नटलेल्या, स्कूटरवर. दिवेलागणीचा नियम तेवढ्या नऊ रात्री बांनीच मोडायला सांगितला.

आता त्या तिघी दर रविवारी काहीतरी ठरवतात. मला आवडतं. पण मी त्यांना सांगितलंय, दुपारी चारनंतर. सकाळ माझी. एकटीने जाणं आता मला नाइलाज वाटत नाही. कोणाची वाट न बघता एका खिडकीपाशी हवा तितका वेळ उभं राहता येतं, ते मला सोडायचं नाहीये.

तांबेकर वाडा तिसऱ्या खेपेला उघडा मिळाला. कीर्तिमंदिराच्या मात्र बंद दारावरून चारदा परत आले. नंदलालबाबूंची चित्रं बघायला नक्की कुठे विचारायचं, कोणी सांगेल का?

---

पायपीट | २० ऑक्टोबर, रात्री १०:५०

आम्हाला कॉलेजचं पत्र घेऊन नेलं होतं. फाइन आर्ट्समध्ये कलेचा इतिहास शिकवणाऱ्या विभागात जाऊन विचारा, विद्यार्थ्यांची भेट ठरली असेल तर बरोबर घेतात का ते बघा.

---

दांडियाबाजारच्या काकू | २१ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

विचारून ये आणि दिवस कळला की मला सांग. अडतीस वर्षांत मीही आतून पाहिलेलं नाही. सकाळ तुझी आहे हे वाचलंय, म्हणून आधी विचारते : त्या दिवशी मी आलेली चालेल का गं?